दोन ठोके, थांबून एक

पूर्णेच्या पुलावर पौर्णिमा गाडी थांबवायला तयार नव्हती. "आई, मांगं ट्रक हाये," म्हणाली. मी म्हटलं, असू दे. एवढीशी होतीस तेव्हा या पाण्यातून तुला पार नेलं, ते बघायला एक मिनिट थांबता येत नाही? थांबली नाहीच. माझीच लेक ती, कोणाचं ऐकणार?

आम्ही नत्थुजींकडे निघालो होतो. पूल व्हायच्या आधी इथे माणसं पार न्यायला त्यांचा डोंगा चाले. बेचाळीस वर्षांत मी त्यांचे साधे आभार मानले नव्हते. परवा बाजारात त्यांच्या गावचे खुशालराव भेटले. म्हणाले, म्हातारा लेकाकडे आहे, पण डोळे गेले आणि आता माणसंही विसरायला लागला. तेव्हापासून मला घास गोड लागेना. ते मला विसरण्याआधी पोचायचं होतं.

नत्थुजी अंगणात बाजेवर बसले होते. मी पाया पडले, वांगी, मेथी आणि नवं धोतर पुढ्यात ठेवलं.

"मी वच्छला, नत्थुभाऊ."

"कोन वच्छला?"

"माळ्याची सून. भाजी घेऊन तुमच्या डोंग्यात बसो."

"लय जन बसत. मले याद येऊन नाई राह्यली, बाई."

त्यांची सून रुख्मिणी ओशाळली. "राग नोका मानू, मावशी. ते मलेबी कोन म्हनून इचारतात."

राग आलाच, पण माझा मला. एवढा उशीर कशाला केला? मग एकदम ध्यानात आलं. या माणसाला माझं नाव कधी माहीतच नव्हतं! पुरुष काठावरून "ए डोंगा!" म्हणून ओरडत. सून अशी ओरडली असती तर गावभर झालं असतं. म्हणून मी तागडीचं पारडं काढी आणि त्यावर वजन वाजवी. दोन ठोके, थांबून एक. की पलीकडून डोंगा सुटे.

पौर्णिमा दीड वर्षाची असताना तापानं फणफणली, तेव्हाही तेच वाजवलं. पूर होता, डोंगा बांधून ठेवलेला. पलीकडचे लोक नत्थुजींना हाताला धरून अडवत होते. तरी आले. आम्हाला पार नेऊन उतरवलं आणि पोरीच्या कपाळावर हात ठेवला. "लय तपली वं. जाय, थांबू नोको." दवाखान्यात पोरगी वाचली. भावानं आम्हाला अकोल्यालाच ठेवून घेतलं, तिथंच आम्ही मळा केला. त्या काठाला माझे पाय पुन्हा लागलेच नाहीत.

रांजणापाशी एक घमेलं पालथं पडलं होतं. मी दगड उचलला. दोन ठोके. थांबून एक.

नत्थुजींची मान वर झाली.

"आलो वं, आलो!" ते पायानं चपला शोधू लागले. मग थबकले. "पोरगी कशी हाये? ताप उतरला काय?"

बेचाळीस वर्षांत त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी रडले, भर अंगणात, मोठ्यानं. पौर्णिमाला पुढे ढकललं. दोन लेकरांची आई, शाळेतली कडक मास्तरीण, ती मुकाट्यानं बाजेपाशी खाली बसली. त्यांनी चाचपत तिचं कपाळ शोधलं आणि बराच वेळ हात तसाच ठेवला.

"गार हाये," ते मला म्हणाले. "ने वं आता घरी."