डावी सुरी

भंगाराच्या ढिगापाशी उकिडवं बसून पाटेवाला एकेक जुनं बेअरिंग उचलत होता. फरशीवर हलकेच आपटून आवाज ऐकायचा आणि मान हलवून बाजूला ठेवायचा. भंगारवाला बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने विचारलं, की मडकी घ्यायला आल्यासारखं हे ठोकून काय बघताय? कुठल्या गाडीला हवंय ते सांगा, काढून देतो.

"गाडीला नको. बहिणीला हवंय."

भंगारवाल्याला वाटलं चेष्टाच आहे, आणि तो हसला. पाटेवाला हसला नाही. ट्रकच्या चाकातून निघालेल्या एका मोठ्या बेअरिंगची बाहेरची कडी त्याच्या हाताला लागली होती. कडेला गंज होता, पण आपटल्यावर ती खणखणीत वाजली. त्याने ती रुमालात गुंडाळली आणि सायकलच्या पिशवीत टाकली.

ट्रकच्या सांगाड्याखाली, चाकांच्या वर पोलादाचे कमानदार पाटे असतात. ओझी वाहून वाहून ते थकतात, सपाट होतात. ते तापवून, ठोकून पुन्हा कमानीत आणायचे हे पाटेवाल्याचं काम. टायरवाला आणि वेल्डर यांच्या मधोमध त्याची पत्र्याची शेड होती. मिसरूड फुटायच्या आधी तो तिथे चिकटला आणि आता साठी ओलांडली तरी तिथेच होता. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे एक थोरली बहीण, अक्का, आणि तिची मुलगी. सगळ्या रस्त्यावर त्याला पाटेवाला म्हणत. अक्का एकटीच अजून बारक्या म्हणायची.

अक्का लाकडाचे चमचे, पळ्या, वाडगे कोरायची. वडील गेले तेव्हा त्यांच्याकडून शिकलेलं काम पुढे चालवायला ती बसली ती उठलीच नाही. त्याच कमाईवर तिने बारक्याला वाढवलं, पुढे नवरा सोडून गेल्यावर मुलीलाही वाढवलं. मागच्या पडवीत, पाठ भिंतीला लावून, मांडीवर चामड्याचा तुकडा घेऊन ती बसे. कुऱ्हाडीने लाकडाला आकार द्यायचा, सरळ सुरीने दांडा तासायचा, आणि मग चमच्याची खोली काढायची ती आकड्यासारख्या वाकड्या सुरीने. तिच्या चमच्यांना बाजारात नाव होतं. जरा कुठे भोक दिसलं, एक बाजू जाड राहिली, की ती स्वतःच तो चमचा बाद करायची. गिऱ्हाइकाला कळायची वाट बघायची नाही.

तरुणपणी बारक्याने एकदा पाट्याच्या तुकड्याची एक वाकडी सुरी करून तिला दिली होती. मोठ्या हौसेने. अक्काने दोन हात मारून बघितले आणि सुरी परत केली. म्हणाली, "तू पाटेच वाकव, बाबा. ह्या सुरीने लोणी कापायचं तर आधी वितळवावं लागेल." त्यानंतर ती बाजारातल्या एका म्हाताऱ्या लोहाराकडूनच सुऱ्या घेत राहिली. बारक्याही पुन्हा त्या वाटेला गेला नाही. राग असा नव्हता. पण ते वाक्य त्याच्या पोटात राहिलं ते राहिलंच.

थंडीत एका सकाळी अक्का मोरीत पडली. उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आली तेव्हा पाय ओढत का होईना चालायला लागली होती, बोलणंही पुष्कळ सुधारलं होतं, पण उजवा हात काही परत आला नाही. तो मांडीवर ठेवला की मांडीवरच राहायचा. भाची नोकरी सांभाळून सगळं करत होती. सकाळी आईला अंघोळ घाल, गोळ्या दे, दुपारच्यासाठी झाकून ठेव आणि पळ. तिच्या कामात बोट दाखवायला जागा नव्हती. पण अक्का दिवसभर पडवीकडे पाठ करून बसायची.

एका रविवारी तो गेला तेव्हा भाची कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. अक्का पडवीत होती. तिने एक अर्धवट कोरलेला चमचा गुडघ्यांत धरला होता आणि डाव्या हातात वाकडी सुरी. तो दारातच थांबला. सुरी लाकडावर टेकवली की धार भलत्याच बाजूला जात होती. मनगट वाकडं करून, कोपर वर काढून तिने एकदा ओढून बघितलं, नुसता ओरखडा उठला. तिने सुरी खाली ठेवली. मग तो दिसला तशी शांतपणे म्हणाली, की ही उजव्या हाताची आहे रे. डाव्याला उलटी लागते.

सुरीलाही डावं-उजवं असतं हे त्याला तेव्हा कळलं. बाजारातला म्हातारा लोहार मरून गेला होता, त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. जाताना पाटेवाल्याने अक्काची तीच सुरी खिशात घातली.

भंगारातली ती कडी घेऊन तो शेडमध्ये आला आणि हातातलं काम बाजूला सारून भट्टी पेटवली. कडी लाल केली, राखेत पुरली, आणि आपोआप निवू दिली, म्हणजे पोलाद मऊ पडतं. मग करवतीने तुकडा कापला, ठोकून लांब केला, पातळ केला, कानशीने धार काढली, आणि एका नळीवर वाकवला. अक्काची सुरी समोर ठेवूनच हे सगळं चाललं होतं. पूर्ण झाल्यावर त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. जुळ्या बहिणी. ही पण उजवीच झाली होती.

शेजारचा वेल्डर चहा घेऊन आला होता. त्याने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मनसोक्त हसला. मग त्यानेच तोडगा काढला. कोपऱ्यात ट्रकचा एक बाजूचा आरसा पडला होता, तो भिंतीला टेकवून ठेवला आणि अक्काची सुरी त्याच्यासमोर खिळ्याला टांगली. आता सुरीकडे बघायचं नाही, म्हणाला, आरशात बघायचं. पाटेवाल्याने तसं केलं. हात जुन्या सवयीने एकीकडे जायचा आणि डोळे दुसरीकडे खेचायचे. म्हातारपणी अक्षर गिरवायला बसल्यासारखं झालं. पण आकडा उलटा वळला.

हे दुसरं पातं कडक करायला भट्टीत गेलं आणि जळालं. त्याची नजर जाड पाट्यांना सरावलेली. पाटा तापायला वेळ घेतो, तेवढ्यात माणूस तंबाखू मळून घेऊ शकतो. ह्या एवढ्याशा पात्याने एका श्वासात उष्णता घेतली, टोकाला ठिणग्या उडाल्या, आणि सांडशीने बाहेर काढलं तेव्हा टोक कोळशासारखं भुगा झालं होतं. त्याने ते फेकलं नाही. निवल्यावर जरा वेळ हातात धरून बसला. इतकी वर्षं पोलादाशी काढली आणि त्याला वाटत होतं आपल्याला पोलाद कळतं.

त्या रविवारी भाची कणीक मळत होती. त्याने एक गोळा मागून घेतला आणि अक्काच्या डाव्या हातात दिला, जोरात दाब म्हणाला.

"हे काय नवीन?" अक्काने विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय. व्यायाम."

"तुला डॉक्टर कधी भेटले?"

अक्काने त्याच्याकडे बघितलं आणि गोळा दाबला. बोटांचे खोल ठसे उमटले. तो गोळा त्याने डब्यात घालून जपून नेला, शेडच्या पत्र्यावर वाळवला, आणि हातोड्याचा जुना दांडा कापून त्या ठशांबरहुकूम मूठ घासली. तिसरं पातं त्याने भट्टीत न सोडता सांडशीत धरूनच तापवलं, डोळा न हलवता, आणि रंग चढताच तेलात बुडवलं. नंतर तापल्या लोखंडाच्या ठोकळ्यावर ठेवून वाळक्या गवतासारखा पिवळेपणा येईपर्यंत थांबला. त्याने कडकपणा उतरतो, पातं तुटत नाही. मग दगडावर घासत बसला. त्या दिवशी एक ट्रकवाला पाट्यांसाठी येऊन थांबला, चिडला, आणि निघून गेला.

भाचीने सुरी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. आईच्या देखत नको म्हणून तिने मामाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की आईला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. नुसतं खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागतो. उजव्या हाताला तर कापलेलंही कळणार नाही. मी दिवसभर घरी नसते. आणि तुम्ही तिच्या हातात पातं देताय.

तिचं काहीच चुकत नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस ते खरं आहे. पण ती भिंतीकडे तोंड करून बसते, ते तू बघितलंयस ना?"

भाचीने बघितलं होतं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. शेवटी असं ठरलं, की सुरी मामाकडेच राहील. मामा असेल तेव्हाच काम. आणि आईचा उजवा हात पदराखाली, लाकडापासून लांब.

पण मग लाकूड धरायचं कोणी? ह्याचाही विचार त्याने आपल्या परीने केला होता. शेडमधला लोखंडी शिकंजा आणून त्याने पडवीतल्या बाकाला बोल्टने कसला, त्यात ओलं लाकूड आवळलं, आणि सुरी अक्काच्या हाती दिली. तिने मूठ फिरवून फिरवून बघितली. म्हणाली, की मूठ भिकार आहे, पण हाताला बसते. मग तिने लाकडावर सुरी ओढली. एक बारीक, गोल वळलेली छिलपी निघाली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा थांबली.

"हे सोड ह्यातून. दर हाताला लाकूड फिरवावं लागतं. हे काय, पाटा आहे का तुझा?"

त्याने शिकंजा ढिला केला, स्टूल ओढलं, आणि तिच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. लाकूड दोन्ही हातांनी धरलं. ती म्हणायची, फिरव. तो फिरवायचा. जास्त झालं, मागे घे. इतकं नाही. पन्नास वर्षं जे तिच्या उजव्या-डाव्या हातांनी एकमेकांना न विचारता केलं होतं, ते आता तोंडाने सांगावं लागत होतं. दोघांच्याही नाकी नऊ आले. तिच्या कपाळावर घाम आला तेव्हा त्याने थांबू या म्हणून बघितलं. तिने ऐकलं नाही.

पुढचा हात जरा जोरात पडला. सुरी लाकडाच्या काठावरून घसरली आणि त्याच्या अंगठ्यात शिरली. आधी काहीच वाटलं नाही. मग रक्त आलं, भराभर, आणि चमच्याच्या अर्ध्या कोरलेल्या खोलीत साठलं. भाची आतून धावत आली. अक्का मात्र जागची हलली नाही. तिने सुरी डोळ्यांजवळ नेली, पात्यावर नजर फिरवली.

"धार बरी आहे," ती म्हणाली.

भाची दोघांवरही चिडली. पट्टी बांधताना मामाला तिने नको नको ते ऐकवलं. तो ऐकून घेत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून ती मध्येच म्हणाली, की मामा, तुम्ही हसताय.

पुढच्या रविवारी तो चामड्याचा अंगठा शिवून, तो चढवून आला. नंतर रविवारवर भागेना, तो शेड लवकर बंद करून अधूनमधून संध्याकाळीही येऊ लागला. भाचीने पडवीत एक जास्तीचा दिवा लावून घेतला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. हळूहळू 'फिरव' म्हणायची गरज कमी झाली. अक्काचा खांदा कुठे वळतोय हे बघून त्याचे हात आपोआप वळायला लागले. लहानपणच्या गोष्टी निघत. वडिलांचा आवाज कसा होता यावर एकदा दोघांचं भांडणही झालं.

पहिला चमचा पूर्ण झाला त्या दिवशी भाचीला सुट्टी होती. तिने तो हातात घेतला, उलटापालटा केला, आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, की हा मी शोकेसमध्ये ठेवणार, कोणाला द्यायचा नाही. पाटेवाल्यालाही तसंच वाटत होतं.

अक्काने चमचा मागून घेतला. उजेडाकडे धरला, आतून अंगठा फिरवला. डावीकडची बाजू जाड राहिली होती आणि तळाशी सुरी अडखळल्याची एक खूण होती.

"शेगडीत टाक."

भाची म्हणाली, आई, असं काय गं. तू पडल्यापासून इतक्या महिन्यांनी झालाय. पहिलाच आहे.

"पहिला कसला? मी आयुष्यभर चमचेच केलेत. असला कधी घरात ठेवलाय?" आणि मग भावाकडे वळून, "बारक्या, टाक."

अंगणाच्या कडेला अंघोळीच्या पाण्याची शेगडी पेटलेली होती. पाटेवाला चमचा घेऊन तिथवर गेला आणि उभा राहिला. मागून अक्का बघत होती हे त्याला माहीत होतं. त्याने तो निखाऱ्यांवर ठेवला, टाकला नाही, ठेवला. लाकूड अजून पुरतं वाळलं नव्हतं. ते लगेच पेटेना. दांड्याच्या टोकातून नुसतं पाणी फसफसत बाहेर यायला लागलं. भाची आत निघून गेली. तो तिथेच थांबला, दांडा काळा पडेपर्यंत. पडवीतून खडखड आवाज येत होता. अक्का डाव्या हाताने लाकडांच्या ढिगातून एकेक तुकडा ओढून काढत होती, जरा तोलून बघत होती, आणि नको असलेला बाजूला टाकत होती.