उलटं फिरवलेलं जातं

योगिनीनं वहीच्या कडेला पिवळा कागद चिकटवला, त्यावर ‘जनावरांचं’ असं लिहिलं आणि वही रंगूमावशींपुढे धरली. म्हशीची नजर इतके दिवस लेकरांच्या उताऱ्यांच्या पानांत घुसली होती, ती एकदाची आपल्या जागी आली. मावशींनी अक्षरं वाचता येत असल्यासारखं बघितलं आणि मान हलवली.

कळसमधल्या त्या गल्लीत दोघींची दारं समोरासमोर. मावशी उतारे करायच्या, नागीण उतरवायच्या, आटलेल्या म्हशीची नजर काढायच्या. पण डोक्यात सगळा पसारा. योगिनीनं हिवाळाभर त्यांच्या ओसरीवर बसून तो वहीत नीट लावला. वहीत फक्त सामान, वार आणि दिशा. मंत्राचे शब्द लिहायचे नाहीत, कानात घ्यायचे. आणि ज्याला दिले त्याचे झाले, देणाऱ्याचे सुटले. नागिणीचे शब्द दिले त्याच्या दुसऱ्याच दिवशी भवानीनगरहून एक माणूस कण्हत आला, तर मावशींनी त्याला उंबऱ्यावरूनच समोरच्या दाराकडे पिटाळलं.

बायका हसायच्या, नवऱ्याचा पत्ता नाही आणि ही भुतांची हजेरी मांडून बसलीय. हसेनात का बापड्या! योगिनीचा नवरा अविराज दिवाळीत भांडून निघून गेला होता. भांडण कशावरून, तर आधी फ्रिज घ्यायचा की गिझर. तेव्हापासून त्याचा फोन बंद होता, आणि लोणी देवकरच्या कंपनीतल्या दोस्तांनाही तो कुठं आहे ते ठाऊक नव्हतं.

शेवटचा कागद निळा होता. त्यावर तिनं ‘गेलेल्या माणसांचं’ असं लिहिलं. खालचं पान कोरंच होतं.

मावशींचं सगळं लक्ष एकदम सुपातल्या हरभऱ्यात गेलं. एवढं एकच त्यांनी दिलं नव्हतं. रोज दिवेलागणीला त्या ओसरीवरचं रिकामं जातं उलटं फिरवायच्या, वाकून त्याच्या तोंडाशी काहीतरी पुटपुटायच्या आणि शेवटी हाक मारायच्या, ‘भीमा’. त्यांचा लेक भीमा ट्रकवर गेला तो गेलाच; तेव्हा योगिनी या गावात नांदायलाही आली नव्हती. कारखान्याकडून मळीचा गोडसर वास यायचा, जात्याची घरघर गल्लीभर पसरायची, आणि दारात उभ्या योगिनीला वाटायचं, हा आवाज उसाच्या कडेकडेनं कुणाला तरी शोधत लांब चाललाय. ऐकता ऐकता तिचे डोळे जड व्हायचे.

‘मावशी, येवढं द्या मला,’ ती म्हणाली.

‘ते दिलं तर माझ्याकडं काय ऱ्हातं?’

योगिनीला स्वतःची लाज वाटली. तिनं वही मिटली.

‘ऱ्हाऊ द्या. माझं चुकलं.’

मावशी हरभरे निवडत राहिल्या. खडे संपले तरी बोटं सुपात फिरतच होती.

‘माझा यायचा असता तर आला असता,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘तुझा अजून वाटंवर आसंल. आन कान हिकडं.’

मग योगिनीनं निळ्या कागदाखाली ‘सामान: जातं. वेळ: दिवेलागण’ असं लिहिलं, आणि जात्याच्या दोन्ही तळ्या दोघींनी धापा टाकत गल्लीपलीकडे नेल्या.

दुसऱ्या दिवशी दिवा लावून मावशी सवयीनं ओसरीवर येऊन बसल्या. जात्याच्या जागी जमिनीवर गोल पांढरट डाग उरला होता. त्यांचा हात तिथं एकदा उलटा फिरला. तोंड उघडलं, पण ती हाक आता त्यांची नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लेकाला न बोलावता संध्याकाळ चालली होती.

समोर घरघर सुरू झाली. योगिनीच्या ओसरीवर दिव्याच्या उजेडात तिचा हात उलटा उलटा फिरत होता. मावशींनी डोळे मिटले. पोरीची हाक लागू दे, असं देवाला म्हणत त्या अविराजचं नाव ऐकायला थांबल्या.

योगिनी वाकली, जात्याच्या तोंडाशी पुटपुटली.

‘भीमा,’ तिनं हाक मारली.

जरा थांबून तिनं जातं पुन्हा फिरवलं, आणि मग दुसरं नाव घेतलं.