सुंगटांच्या पायांखाली मी

“सर, सुंगटांना झोपायला गादी लागते काय?”

आठवीतल्या समीक्षानं विज्ञानाच्या तासाला सुंगटांबद्दल, म्हणजे कोळंबीबद्दल, हे विचारलं आणि वर्गात हशा उसळला. “विचारून दाखव, मग मानू तुला!” अशी पैज मैत्रिणींनीच घातली होती. मित्रांनो, ती गादी म्हणजे मी! सर्वण गावच्या व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली, जुनी, जाडसर वाळू. सरांना दाखवायला तिनं मला डब्यात भरून आणलं होतं; तेव्हा मी त्याच्या एका कप्प्यात बसून सगळं ऐकत होते.

एकेकाळी मी डोंगराचा दगड होते. पाण्यानं लोळवून लोळवून मला तांदळाच्या कणीएवढं केलं. पुढे कितीतरी वर्षं गावच्या बायका माझ्यानं भांडी घासत. “हिच्यासारखं लख्ख कोण करतं?” म्हणत. मग तारेची घासणी आली आणि मला कुणी विचारेना.

इकडे समीक्षाच्या काचेच्या टाकीत नखाएवढी सहा लाल सुंगटां आली. गोड्या पाण्यातली! पण सुंगटां म्हटली की आपल्या डोक्यात समुद्रच. म्हणून तिच्या पप्पांनी मांद्र्याच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू खाली पसरली. आठवड्यात सहाही मेली. आईनं बजावलं, “आता एकदाच आणायची. तीही मेली तर टाकी भंगारात!”

म्हणूनच वर्गातला तो प्रश्न. जयराम सर मात्र हसले नाहीत. “गादी नको गो, ताट लागतं. ती दिवसभर तळातलंच वेचून खातात.”

डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात समुद्राची वाळू होती. सरांनी तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. फस्स! “शिंपल्यांचा चुरा. त्यातला चुना उतरून गोडं पाणी बदलून टाकतो. वर मीठ.”

मग माझी पाळी. मला छाती असती तर धडधडली असती. थेंब पडला... आणि एकही बुडबुडा नाही!

“मग आजच हिला टाकीत घालू, सर?”

“घाल. सात पाण्यांनी धू, साबण लावू नको. आणि आधी हिच्यावर शेवाळाची साय धरू दे. रिकाम्या ताटावर पाहुणे बसवतात काय?”

रविवारी पप्पांनी स्कूटरची चावी उचलली. “चल गो, म्हापशाला जाऊन सुंगटां आणूया.”

समीक्षा चपला घालून तयारच होती. जाता जाता तिनं काचेला नाक लावलं. टाकीच्या तळाशी पसरलेली मी धुऊन स्वच्छ होते, पण उघडीच. सायीचा पत्ता नव्हता. तिनं खूप वेळ पाहिलं. मग चपला काढल्या.

“आई, पप्पा, आज नाही. महिनाभर टाकीत फक्त वाळू आणि पाणवनस्पती. सुंगटां कधी आणायची, ते वाळू बघून मी सांगेन.”