डावं वळण

ताईची गाडी पुन्हा डाव्या वळणावर भिंतीला धडकली.

"घेऊन जा तुझा खोका," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. माझा हात मेलाय."

खोका म्हणजे धाकट्या भावाने तिच्यासाठी बनवलेला कंट्रोलर. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांना व्हिडिओ गेम खेळता यावेत म्हणून असले खोके बनवायचे, हाच त्याचा धंदा. लहानपणी याच गाड्यांच्या शर्यतीत ताईने त्याला हरवून हरवून रडवलं होतं. अपघातानंतर तिची मान तेवढी शाबूत राहिली, आणि डावा तळहात नुसता थरथरायचा. हनुवटीने वेग, डोक्यामागच्या उशीने ब्रेक, गालाने उजवं वळण, असं त्याने बसवून दिलं. डावं वळण मात्र तळहाताखालच्या बटणावर. हट्ट ताईचाच. एक तरी हात खेळात हवा म्हणाली.

पहिल्याच दिवशी ती ओरडली होती, "दाबलं की मी!"

"दाबलं असतंस तर गाडी वळली असती ना, ताई," तो हसत म्हणाला होता. "मशीन कशाला खोटं बोलेल? जोर लाव." पुढचे तीन महिने त्याने हेच तुणतुणं वाजवलं.

आता त्याने खोका शेजारच्या खोलीत नेऊन संगणकाला जोडला. दुसऱ्याला द्यायचा तर आधीच्या नोंदी पुसायला हव्यात. पुसता पुसता त्याची नजर एका ओळीवर पडली. थरथर समजून सोडून दिलेले दाब: चार हजार एकशे बारा.

असतील, हात थरथरतोच की. त्याने सहज यादी उघडली. सरळ रस्त्यावर एकही दाब नव्हता. थरथर बटणापर्यंत पोचतच नव्हती. सगळेच्या सगळे दाब डाव्या वळणांवर होते.

थरथरीला वळण कुठून कळणार? एवढा आखूड दाब म्हणजे थरथर, ही मर्यादा त्यानेच घातली होती. तीही स्वतःचा धडधाकट हात बटणावर थरथरवून! अक्कल गहाण ठेवली होती त्याने. ताई रोज दाबत होती, आणि त्याचा खोका रोज ते केरात टाकत होता.

त्याने मर्यादा शून्यावर आणली, खोका पुन्हा ताईच्या मांडीवर ठेवला आणि तिचा तळहात बटणावर टेकवला.

"एकदाच, ताई. माझ्यासाठी."

वळण आलं. तळहात जेमतेम हलला. गाडी झोकात डावीकडे वळली.

ताई पडद्याकडे बघतच राहिली. गाडी सरळ जाऊन कठड्याला आदळली तरी तिचं लक्ष नव्हतं. त्याने रडत रडत सगळं सांगून टाकलं. चिडेल, शिव्या घालेल, त्याची तयारी होती.

"म्हणजे मी दाबत होते," ती हळूच म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून."

"तुझं सोड रे. महिनाभराने मीच माझ्या हाताला म्हणायला लागले होते, मशीन कशाला खोटं बोलेल."