क्रेनवाल्याच्या जिभेखालून

मी एक स्नायू बोलतोय. माझं मूळ हनुवटीच्या आत आणि पसारा सगळ्या जिभेत. डॉक्टरांनी ठेवलेलं माझं नाव इतकं लांबलचक आहे, की मलाच धड उच्चारता येत नाही! माझं मुख्य काम जीभ पुढे ओढून धरायचं. तेवढं केलं की तिच्यामागची श्वासाची वाट मोकळी राहते.

माझा मालक क्रेन चालवतो. तरुणपणी तो सडसडीत होता, मलाही आराम होता. पुढे मान भरली, गळ्यात चरबी साठली, थोडी माझ्याही अंगात शिरली. वाट अरुंद झाली. मालक जागा असताना मी दुप्पट जोर लावायचो. पण तो झोपला की मेंदूचा धाक कमी होतो, मी सैलावतो आणि जीभ मागे कलंडते. उरलेल्या फटीतून हवा घुसताना आजूबाजूचं सगळं थरथरतं. यालाच माणसं घोरणं म्हणतात. गंमत म्हणजे घरादाराला ते ऐकू जातं, घोरणाऱ्याला मात्र पत्ताच नसतो.

मालकीणबाई कानावर उशी दाबून पडायच्या. घोरणं थांबलं की म्हणायच्या, "हुश्श! लागली एकदाची गाढ झोप यांना." अहो बाई, नेमकी तेव्हाच वाट पुरती बंद झालेली असायची! मग मेंदू दचकून मला हाका मारायचा, मी धडपडत जीभ ओढायचो आणि मालक घरघरत श्वास घ्यायचा. सकाळी त्याला यातलं काही आठवत नसे. दिवसभर नुसत्या जांभया.

एके दुपारी क्रेनच्या केबिनमध्येच त्याचा डोळा लागला. दांडा सरकला आणि लोखंडी तुळई हेलकावत खाली आली. खालून इशारे करणारा त्याचा जुना जोडीदार उडी मारून थोडक्यात वाचला.

कामावरच्या साहेबांनी मालकाला झोपेच्या तपासणीला धाडलं. अंगभर वायरी लावून त्याला झोपवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तासाला चाळीस वेळा श्वास थांबतोय तुमचा. हा मास्क लावून झोपायचं. मशीनच्या हवेनं वाट उघडी राहील."

"ही सोंड लावून झोपू?" मालक घरी येऊन फणफणला. मशीन गेलं कपाटावर. साहेबांना मात्र त्याने बेधडक सांगितलं, "रोज लावतो की!" कामावर यायची परवानगीही मिळाली.

जोडीदार घरी आला. कपाटाकडे बघत म्हणाला, "त्याच्यावर धूळ बसलीय रे."

मालकाने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"उद्यापासून तू वर. खाली मीच असणार आहे, एवढं लक्षात ठेव."

तो गेल्यावर मालकाने मशीन पुसलं आणि स्वतःच मास्कचे पट्टे आवळले. हवा आत आली, वाट उघडी राहिली. कित्येक वर्षांनी मी निवांत पडून राहिलो. मला फार बरं वाटलं. मालक, एवढं रोज करत जा, मी आता थकलोय हो.

सकाळी त्याने साहेबांना फोन लावला. जीभ जागची हलेना. मी नेट लावला.

"साहेब, मी खोटं बोललो. कालपासून लावतोय. डॉक्टर म्हणतील तोवर मला वर चढवू नका."

उभ्या आयुष्यात मला इतका जोर कधी लावावा लागला नव्हता.