ढाबळीत राहिलेलं पिल्लू

बायको राहेल वारल्यावर चौथ्याच दिवशी दानिएलनं तिची सगळी कबुतरं देऊन टाकली. छपरावरचं ते घुमणं त्याला ऐकवत नव्हतं. मांडवगण फराट्याचा कबुतरवाला ज्योतिबा टेम्पो घेऊन आला आणि बावीस कबुतरं भरून घेऊन गेला. दानिएल अंगणात पाठ करून उभा राहिला. ढाबळ रिकामी झाली का, हे बघायला वर चढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चढला, तर कोपऱ्यातल्या मडक्यात दोन पिल्लं. एक गार पडलेलं. दुसरं मुठीएवढं, अंगावर पिवळी लव, चोच आ वासलेली.

"एक तर मीच मारलं," तो पुटपुटला. "हे मरू द्यायचं न्हाई."

पण ते खाईल तर ना! चमच्यानं दिलं, औषधाच्या ड्रॉपरनं दिलं, सगळं बाहेर. राहेल बाजरी तोंडात चावून मऊ करायची आणि पिल्लं तिच्या ओठांत चोच घालून खायची. दानिएलनं तेही केलं. पिल्लानं चोच घातली, मान झटकली आणि सगळा चोथा त्याच्या सदऱ्यावर उडवला. दिवसातून सहा वेळा हेच. तिसऱ्या दिवशी ते मान टाकायला लागलं, तेव्हा त्याला बुटांच्या खोक्यात घालून शिरूरच्या स्टँडवर त्यानं मांडवगणची एसटी धरली.

"करून दाखवा बरं, मामा," ज्योतिबा म्हणाला.

दानिएलनं बाजरी चावली, पिल्लाला तोंडाशी धरलं. चोथा या खेपेला ज्योतिबाच्या पायजम्यावर. ज्योतिबानं पुढं वाकून वास घेतला.

"तंबाखू खाल्लीय व्हय?"

"सकाळचा बार हाय. थुकला की मघाशी."

"थुकला म्हंजी चव गेली? ते बाजरी मागतंय आन् तुम्ही त्याला तंबाखू चारताय. पिचकारी मारायला शिकवताय का काय?"

दानिएलचं डोकंच फिरलं. "चाळीस वर्सं खातोय! पाद्रीसाहेब बोलले, डॉक्टर बोलला, राहेल तर रोज बोलायची. आता ह्या पिल्लानं बी मला शानपन शिकवायचं?"

"मग ठिवा हितं. एका जोडीला एकच पिल्लू हाय, तिच्याखाली सारतो. जगंल. पर मग ते माझ्या ढाबळीचं. तुमच्या हातावर काय यायचं न्हाई."

दानिएल फाटकापर्यंत गेला. मग तणतणत परत आला.

"नळ कुठंय?"

तंबाखूची पुडी ज्योतिबाच्या हातात कोंबून, मीठ मागून घेऊन त्यानं तीनदा दात घासले. ज्योतिबा म्हणाला, अजून तासभर थांबा. तो तास दानिएलनं जांभया देत, मांडीवर बोटं आपटत आणि ज्योतिबाच्या कोंबड्यांना हुश हुश करत काढला. मग बाजरी चावली. पिल्लानं त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून चोच आत घातली आणि सगळं अंग हलवत ओढायला लागलं. गळ्याखालची पिशवी टम्म फुगली.

"आता ती पिशवी रिकामी झाल्याबिगर द्यायचं न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "आन् कोमट पाणी. आन् मामा, पुडी?"

"ठिव तुझ्याकडंच," दानिएल खेकसला.

न्हावऱ्याजवळ एसटीत खोक्यातून चीं चीं सुरू झालं. दानिएलनं गळ्याखाली चाचपून बघितलं. पिशवी सपाट. एवढ्यात? त्यानं डोक्याला हात लावला, खिशातून भिजल्या बाजरीची पिशवी काढली आणि चावायला लागला. शेजारच्या बाईनं पाय आखडून घेतले. मागचा माणूस सीटवरून वाकून बघायला लागला.

"आजोबा, कुठं उतरायचं?" कंडक्टरबाईनं विचारलं.

पिल्लाची चोच त्याच्या तोंडात होती. दानिएलनं डोळे वटारून हातानंच तिला थांबायची खूण केली.