उजवा कौल आणि अर्धवट प्रोटीन

गोव्यात लाटंबार्सेला शंभू महाराजांच्या मठाबाहेर मोटारसायकलींची रांग लागली होती. पूर्वी महाराज नुसती दृष्ट काढत; शिकलेली मंडळी येऊ लागली तशी त्यांच्या तोंडी जीन आणि प्रोटीन आलं. "आमच्या मंत्रातून प्रोटीन थेट रक्तात उतरतं," ते सांगत आणि पदवीधर माना डोलवत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझं डोकं तडकलं.

त्याला कारण माझा विद्यार्थी रुद्रेश. त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर थांबत नाही. आईने, चंद्रावतीने, त्याची इंजेक्शनं बंद केली होती आणि आतल्या रक्तस्रावाने पोराचा गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"देवान उजवो कौल दिलो, मास्तर. आतां सुयो कित्याक?" ती म्हणाली.

कौल घ्यायचा म्हणजे मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून देवाला विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे सोयरिकीपासून बोअरवेलपर्यंत सगळं असंच ठरतं. महाराजांनी विचारलं होतं, इंजेक्शन बंद करू?

मी डॉक्टर सुलोचनाबाईंना मठात घेऊन गेलो. तिथे बसलेल्या चंद्रावतीला त्यांनी समजावलं, की शरीर जीनमधला मजकूर वाचून प्रोटीन बनवतं. रुद्रेशच्या मजकुरात मध्येच पूर्णविराम पडलाय, म्हणून रक्त गोठवणारं प्रोटीन अर्धवट राहतं आणि कामाला येत नाही. तेच प्रोटीन कारखान्यात जिवंत पेशींकडून पुरतं बनवून घेतात आणि इंजेक्शनातून देतात. तो पूर्णविराम ओलांडायला लावणाऱ्या औषधांवरही संशोधन चाललंय.

"तो पूर्णविराम आम्ही कधीच पुसला," महाराज हसले.

"मग आता देवाला विचारा, इंजेक्शन चालू ठेवू?" डॉक्टर म्हणाल्या.

महाराज टाळू लागले, पण रांगेतल्या लोकांनाच उत्सुकता लागली. पाकळ्या आधीच लावून ठेवलेल्या होत्या. सगळ्यांदेखत महाराजांना त्या बदलता येईनात. उजवीच पडली. बंद करायलाही देवाचा होकार आणि चालू ठेवायलाही.

चंद्रावती पुढे झाली. डावी पाकळी तिने ओढली तर ती फाटली, पण सुटेना. तिच्याखाली फणसाचा चीक होता. उजवी नुसत्या पाण्यावर, पंख्याच्या वाऱ्याने सुकली की पडणारच. पोराचा पाय जायची पाळी आलेली; कालपर्यंत महाराजांना 'तुमी' म्हणणारी बाई त्यांच्याकडे वळली.

"म्हज्या भुरग्याचो पांय वतालो, आनी तूं चीक लायत बसलोय?"

त्याच दुपारी रुद्रेशला इंजेक्शन मिळालं. सूज उतरली, पण गुडघा पुरता सरळ झाला नाही. वाचकहो, देव माना नाहीतर मानू नका. पण कुणाच्या सांगण्यावरून उपचार थांबवण्याआधी तोच प्रश्न एकदा उलटा करून विचारा. चंद्रावतीसाठी तो विचारला जाईपर्यंत उशीर झाला, आणि पोर अजून लंगडतंय.